अकरा डबे आणि एक पाट

एकवीस वर्षं मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केलं. कारखाना सावली गावाच्या रस्त्यावर, घर बडोद्यात समा भागात, मधलं अंतर कंपनीच्या बसने पन्नास मिनिटांचं. स्टोअरचा मुख्य म्हणून माझं काम एका वाक्यात सांगता येईल: आलेला माल मोजून घ्यायचा, त्याच्या खणात ठेवायचा आणि मागेल त्याला सही घेऊन द्यायचा. प्रत्येक खणाला पत्र्याची पाटी होती. पाटीवर जे लिहिलंय तेच खणात. एकवीस वर्षांत पाटी एक आणि आतला माल दुसरा असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा मी रजेवर होतो.

भूकंपानंतर कच्छमध्ये कारखाने काढणाऱ्यांना सरकारने सवलती दिल्या आणि आमच्या मालकांनी तिकडे नवं युनिट टाकायचं ठरवलं. एके सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब सुरतेचे. माझ्याशी हिंदीत बोलायचे, चिडले की गुजरातीत. त्या दिवशी हिंदीत होते.

"देखिए, पूरा स्टोअर कच्छ जाएगा. स्टोअर के साथ आप भी."

साहेबांनी मला खुर्ची दाखवली.

"लेकिन सिटी ऑफिस में कंप्युटर का नया विभाग बन रहा है. स्टोअर का प्रोग्राम वहीं बनेगा. प्रोग्रामर तो बहुत मिलते हैं, पर गॅस्केट किस चिडिया का नाम है, उनको पता नहीं. मुझे एक आदमी चाहिए जो दोनों जाने. तीन महीने में सीख लो. अहमदाबाद से परीक्षा लेने कोई आएगा. पास हुए तो बडोदा."

"और फेल हुआ तो?"

"तो कच्छ. वहाँ की हवा बहुत अच्छी है."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. कंप्युटरचा माझा तोवरचा अनुभव म्हणजे ऑफिसातल्या कंप्युटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून त्याची नीट घडी घालणं, एवढाच होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ती बालवाडी चालवायची. पाच वर्षांपूर्वी तीन मुलांवर सुरू केलेली बालवाडी तेव्हा सव्वीस मुलांवर गेली होती. मराठी घरातली मुलं नऊ, बाकी गुजराती, सिंधी, एक मल्याळी. कच्छला जायचं म्हणजे ती बंद. कच्छात जाऊन पुन्हा तीन मुलांवरून सुरुवात करायची तर तिचं वय चव्वेचाळीस. हे सगळं मी मनात मांडलं. तिला फक्त परीक्षेचं सांगितलं.

"होईल की," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं नीटनेटकं लागतं. त्या यंत्रालाही तेच लागतं म्हणतात. जमेल तुमचं."

क्लास दांडिया बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर होता. जिना एकतीस पायऱ्यांचा. बारा कंप्युटर, त्यातले चालू दहा. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सहा ते साडेसात. वर्गात चौदा जण, त्यातल्या तेरा जणांचं सरासरी वय वीसच्या आसपास, चौदावा मी. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, गुजराती. पोरं तिला मॅडम म्हणायची, मी बेन म्हणायचो आणि ती मला अंकल.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की प्रोग्राममधलं व्हेरिएबल म्हणजे एक डबा. डब्यात किंमत ठेवायची, लागेल तेव्हा काढायची. आणि जावा नावाच्या ज्या भाषेत आम्ही शिकणार होतो तिच्यात प्रत्येक डब्यावर आधीच लिहावं लागतं, आत कुठल्या प्रकारची गोष्ट राहणार. आकड्याच्या डब्यात अक्षरं घालायला गेलात तर यंत्र प्रोग्राम चालवण्याआधीच अडवतं, आणि कुठल्या ओळीत चूक आहे तेही सांगतं.

मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. बाकीची पोरं कुरकुरत होती की मॅडम, ही भाषा फार कटकट करते. मी मनात म्हटलं, एकवीस वर्षं मी हेच करतोय आणि लोक मला कटकट्या म्हणतात. इथे त्याच स्वभावाची भाषा बनवून लोकांनी तिची पुस्तकं काढली आहेत! त्या दिवशी मी जिना उतरताना पायऱ्या मोजायला विसरलो.

पहिला महिना असाच मजेत गेला. बसमध्ये मी वही काढून ओळी लिहायचो. शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला की यंत्र रुसायचं. माझा कधी राहिला नाही. बेन माझी वही वर्गाला दाखवायची. "अंकल का देखो. एक भी मिस्टेक नहीं." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "अंकल को फर्स्ट बेंच पे बिठाओ, मॅडम, वो ऊँचाई में भी फर्स्ट हैं." मी पाच फूट तीन इंच आहे. त्या वयात असं चिडवून घ्यायला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात बेनने फळ्यावर एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा होता: प्राणी अशी पाटी लावलेला एक डबा घ्या आणि त्यात कुत्रा ठेवा.

मी हात वर केला. "बेन, इसमें गलती है."

"कहाँ, अंकल?"

"डावीकडे... म्हणजे, लेफ्ट में प्राणी लिखा है. राइट में कुत्ता. पाटी एक, माल दूसरा."

"पर कुत्ता प्राणी ही है ना, अंकल? चालशे."

"चालशे बोलने वाले को मैं स्टोअर के बाहर बिठाता हूँ," मी म्हटलं. वर्ग हसला. बेनही हसली, पण तिने सोडलं नाही. प्राणी हा मोठा प्रकार, कुत्रा आणि मांजर हे त्याचे उपप्रकार. मोठ्या प्रकाराच्या डब्यात उपप्रकारातलं काहीही ठेवता येतं. डब्याला सांगायचं "आवाज काढ". आत कुत्रा असेल तर भुंकेल, मांजर असेल तर म्यांव करेल. डब्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

"कुत्ता भौंकता है, मुझे मालूम है," मी म्हटलं. "पर मेरे रजिस्टर में कुत्ता नहीं आता."

मी तिचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं, पाठही केलं, पण मला ते पटलं नाही. खोटी पाटी ती खोटी पाटी. बेनने सराव म्हणून प्रत्येकाला आपल्या कामाचा एक प्रोग्राम करायला सांगितला होता. मी माझं आवक रजिस्टर घेतलं. आमच्या स्टोअरमध्ये मालाचे प्रकार अकरा. प्रत्येकाची मोजणी वेगळी. पाइप मीटरवर, वेल्डिंग रॉड किलोवर, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट नगावर, रबरी पत्रे चौरस मीटरवर. मी अकरा प्रकारांचे अकरा वेगळे डबे केले. आवक आली की प्रोग्राम एकेक विचारत जायचा: हा पाइप आहे का? नाही. रॉड आहे का? नाही. व्हॉल्व्ह आहे का? जुळला की त्याच्या डब्यात टाकायचं आणि त्याच्या पद्धतीने मोजायचं. ओळी झाल्या तीनशे बारा. चूक एकही नाही.

बेनने पडद्यावर तो वरून खालपर्यंत सरकवला. सरकवायलाच वेळ लागला.

"अंकल, चलता तो है. पर नया टाइप आया तो?"

"नहीं आएगा. इक्कीस साल में बारहवाँ टाइप नहीं आया."

"परीक्षा में आएगा," ती म्हणाली. "वो लोग यही पूछते हैं. नया माल देंगे और बोलेंगे, रजिस्टर को हाथ लगाए बिना चलाओ. आप क्या करोगे?"

माझ्या रजिस्टरमध्ये बारावा प्रकार घालायचा तर सतरा ठिकाणी हात लावावा लागला असता. मी मोजलं होतं. त्या दिवशी घरी येताना समाच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कच्छ दिसायला लागलं. परीक्षेला तीन आठवडे होते.

मधे गौरी आल्या. आमच्या घराण्यातले पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि फौज गेली तरी गौरी तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, सोळा भाज्या, आणि एक सवाष्ण जेवायला. सवाष्णीसाठी गौरीसमोर पाट मांडायचा, तिचे पाय धुवायचे, हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची आणि पोटभर जेवू घालायचं. बारा वर्षं त्या पाटावर बायकोची दांडिया बाजारातली मामेबहीण बसत होती. दुसऱ्या कोणाचा विचार करायची वेळच आली नव्हती.

त्या वर्षी नैवेद्याच्या सकाळी आठला मामेबहिणीचा फोन आला. बायकोने घेतला आणि एकदम ओरडली, "अगंबाई! मुलगा का? वजन किती?" मग फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तिच्या धाकट्या जावेला पहाटे मुलगा झाला. सव्वातीन किलोचा."

"वा, छान."

"छान काय? त्यांना सोयर आलं. ती आज येऊ शकत नाही."

मी कागद घेतला आणि बसलो. आमच्या ओळखीतल्या मराठी बायकांची यादी केली. सात नावं झाली. फोन करायला घेतले. सातही जणींच्या घरी गौरी होत्या, किंवा सासरी होत्या, किंवा दुसरीकडे सवाष्ण म्हणून जायचं ठरलेलं होतं. गौरीच्या दिवशी बडोद्यात रिकामी मराठी सवाष्ण मिळणं म्हणजे दिवाळीच्या सकाळी न्हावी मिळण्यासारखं आहे. साडेनऊ वाजले. मी यादीवर सात फुल्या मारून बायकोला दाखवली.

ती पुरण वाटत होती. यादीकडे न बघताच म्हणाली, "समोरच्या बेनना बोलावते."

समोरच्या बेन शिवणकाम करायच्या. दोन मशीनं, पुढच्या खोलीत. अर्ध्या सोसायटीचे पडदे आणि पाऊण सोसायटीचे ब्लाउज त्यांच्याकडे. बाई मोठी गमती. पण मी म्हटलं, "अगं, त्या गुजराती."

"मग?"

"आपल्याकडे सवाष्ण म्हणजे..."

"सवाष्ण म्हणजे काय, तुम्हीच सांगा." तिने वाटणं थांबवलं. "पाटावर बसायचं, कुंकू लावून घ्यायचं, ओटी घ्यायची, जेवायचं, नाव घ्यायचं. बाई लग्नाची आहे आणि एवढ्या पाच गोष्टी करू शकते, ती सवाष्ण. गुजराती की मराठी ते पाटाला कशाला हवंय?"

"पण रीत त्यांना माहीत नाही."

"बोलावायची रीत माझी आहे. करायची रीत त्या त्यांची करतील. जा, नारळ घेऊन या."

(हल्ली तर आमच्याकडे नवरा असण्याची अटही बायकोने काढून टाकली आहे. मागच्या वर्षी पाटावर तिच्या शाळेतल्या, पस्तीस वर्षं एकट्या राहिलेल्या जुन्या बाई बसल्या होत्या आणि कोणाच्याही घासात खडा आला नाही.)

समोरच्या बेन बरोबर बाराला आल्या. उलटा पदर, केसांत गजरा, हातात त्यांच्याकडून गौरीला म्हणून सुखडीच्या वड्यांचा डबा. पाटावर बसल्या, पाय पुढे केले, पाणी गार लागल्यावर "ओय मा!" म्हणाल्या. ओटी पदरात घेतली. पुरणपोळीचा पहिला घास खाऊन म्हणाल्या, "आ तो अमारी वेडमी! पण भाभी, तमारी पातळी छे." आणि मग पोळीवर तुपाचा जो तिसरा चमचा घेतला तो मी मोजला, कारण आमच्याकडे पद्धत दोनची आहे.

जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "आता नाव घ्या."

मी मनात म्हटलं, इथे अडणार. उखाणा त्यांना कुठून येणार? बेननी एकदा गौरीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, नवरा ऐकत नाही ना याची खात्री केली आणि टाळी देत एक फटाणं म्हटलं. फटाणं म्हणजे गुजराती लग्नात व्याह्यांची खिल्ली उडवायला म्हणतात ते गाणं. त्यांनी ते नवऱ्यावर जुळवलं. चार ओळींत त्याचं नाव तर आलंच, शिवाय तो उपासाच्या दिवशी अर्धा किलो सुरण खाऊन वर पोट हलकं वाटतंय म्हणतो, हेही आलं. बायको हसता हसता भिंतीला टेकली. बारा वर्षांत त्या पाटावरून घेतलेलं इतकं फक्कड नाव मी ऐकलेलं नव्हतं.

त्या हसण्याच्या भरात मी मधेच विचारलं, "बेन, माझ्या पॅंटचं काय झालं? लांबी कमी करायला दिली होती."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे गेलो.

"अहो! त्या आत्ता पाटावर आहेत. सवाष्ण म्हणून बोलावलंय त्यांना. पॅंटचं विचारायचं तर उद्या त्यांच्या दुकानात जा."

"पॅंट तो तैयार छे, भाई," बेन हसत म्हणाल्या. "पण आजे हूं महेमान छूं."

मी पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि माठाजवळ तसाच उभा राहिलो. भांडं हातात, पाणी घेतलेलं नाही.

पाटावरची बाई तीच होती. शिवण येणारी, फटाणी म्हणणारी, दोन मशीनांची मालकीण. पाटावर बसल्याने तिचं शिवण कुठे गेलं नव्हतं. पण पाट सवाष्णीचा होता, आणि त्या पाटावर आम्ही सवाष्णीला विचारायचं तेवढंच विचारू शकत होतो. पॅंटचं विचारलं की आमच्या घरातलं यंत्र लगेच अडवणार, आणि अडवलंच. उलट "नाव घ्या" हे सवाष्णीला सांगता येतं, म्हणून बायकोने सांगितलं. सांगितलं एकच, आणि बेननी ते केलं मात्र स्वतःच्या पद्धतीने. मामेबहिणीने उखाणा घेतला असता, बेननी फटाणं म्हटलं. सांगणाऱ्याला आधी माहीत असावं लागलं नाही. पाटी खोटी नव्हतीच. सवाष्ण हीच पाटी होती आणि पाटावर सवाष्णच बसली होती.

"पाणी आणताय की विहीर खणताय?" बाहेरून बायको म्हणाली.

पुढच्या क्लासला मी अर्धा तास आधी पोचलो आणि बेनला सगळी हकीकत सांगितली. मामेबहीण, सोयर, सात फुल्या, फटाणं, पॅंट. हिंदीत सांगताना सवाष्णीला काय म्हणावं ते सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "समझ गई, सौभाग्यवती. हमारे यहाँ गोरणी कहते हैं." सगळं ऐकून घेतल्यावर तिने डोळे बारीक केले.

"अच्छा अंकल, अब उलटा. आपको दरजी चाहिए. दरवाजे पे लिखा है दरजी. उसमें कोई भी सौभाग्यवती चलेगी?"

"नहीं चलेगी."

"क्यों?"

"हर दरजी बेन गोरणी हो सकती है. पर हर गोरणी को पॅंट नहीं दे सकते. मेरी मिसेस को दिया तो एक पैर छोटा, एक बडा."

ती इतकी हसली की खालच्या भांड्यांच्या दुकानातून कोणीतरी वर पाहिलं. "अंकल, ये मैं क्लास में लूँ? कुत्ते की जगह?"

"कुत्ता तो निकाल ही दो," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी रजिस्टर नव्याने लिहिलं. आधी एक मोठा प्रकार केला: माल. मालाला काय सांगता येतं? मोज. एवढंच. मग पाइप, रॉड, व्हॉल्व्ह हे मालाचे उपप्रकार. प्रत्येकाच्या पोटात त्याची मोजायची रीत त्याची त्याने ठेवायची. ज्याने वेगळी ठेवली नाही त्याला घराण्याची रीत, म्हणजे नगावर मोजणी. आणि रजिस्टरात पाटी एकच, माल. दारात काय आलंय हे रजिस्टर विचारत नाही. ते प्रत्येकाला एकच शब्द सांगतं, मोज. पाइप मीटरमध्ये मोजला जातो, रॉड किलोत. अकरा डबे गेले, प्रश्नांची ती रांग गेली. तीनशे बारा ओळींच्या एकशे अठ्ठ्याण्णव झाल्या. एकशे चौदा ओळी खोडताना मला जड जाईल असं वाटलं होतं. उलट दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होतो तेव्हा वाटतं तसं मोकळं वाटलं.

परीक्षा सिटी ऑफिसात होती. साहेब बाजूला बसले होते. अहमदाबादहून आलेला परीक्षक तिशीचा, कमी बोलणारा. त्याने माझं रजिस्टर चालवून पाहिलं, अकरा प्रकार टाकले, अकरा मोजण्या बरोबर आल्या. मग रजिस्टरचा भाग कागदावर छापून घेतला आणि तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"नया माल. ऑइल के ड्रम. चार. नाप लिटर में. रजिस्टर को छूना नहीं."

मी मालाचा नवा उपप्रकार केला, ड्रम. रजिस्टरच्या दारात उभा केला. बटण दाबलं.

पडद्यावर आलं: चार नग.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षकाने पेनचं टोपण लावलं. सव्वीस मुलं, एकतीस पायऱ्या, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. चूक कुठे, ते मी खालून वर शोधू लागलो आणि दुसऱ्याच नजरेत सापडली. मी चक्क मोठ्याने म्हटलं, "अरे, याला मोजायला शिकवलंच नाही मी!"

"क्या?" परीक्षक म्हणाला.

"ड्रम को उसका तरीका सिखाना भूल गया. इसलिए वो खानदान का तरीका चला रहा है. नग गिन रहा है. दो मिनट."

त्याने टोपण काढलं की नाही ते मी पाहिलं नाही. ड्रममध्ये मोजपट्टी बुडवून ओल किती उंचीवर आली ते बघायचं आणि त्यावरून लिटर काढायचे, हे मी स्टोअरमध्ये हातांनी हजार वेळा केलेलं. ते ड्रमच्या पोटात सहा ओळींत लिहिलं. परीक्षकाने चार उंच्या सांगितल्या, मी घातल्या. बटण.

सहाशे बारा लिटर.

त्याने रजिस्टरचा भाग पुन्हा छापला, उलटा ठेवलेला कागद सुलटा केला आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. ओळीवर ओळ बसत होती. मला तो माणूस फार आवडला. मीही असंच केलं असतं.

"चलेगा," तो साहेबांना म्हणाला. त्या दिवशी मला त्या शब्दाचा राग आला नाही.

साहेब गुजरातीत म्हणाले, "तमे तो बचाव्यो मने." ते गुजरातीत आनंदानेही बोलतात हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाले की मी बडोद्यातच राहायचं, स्टोअर कच्छला माझ्याशिवाय जाईल, आणि सोमवारपासून याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायचं.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. मुलं गेली होती. बायको जमिनीवर बसून रंगीत कागदाचे मासे कापत होती. सव्वीस हवे होते, एकोणीस झाले होते.

"पास," मी दारातूनच म्हटलं.

"बघा! म्हटलं होतं ना." तिचा चेहरा असा उजळला की मी बूट न काढताच आत आलो, आणि ती काही बोललीही नाही. मी खाली बसलो, चार नग आणि सहाशे बारा लिटर सगळं सांगितलं. मग तीन महिने पोटात ठेवलेलं एकदाचं बोललो. "मला खरी भीती तुझ्या बालवाडीची होती. नापास झालो असतो तर तुला सगळं बंद करून कच्छला यावं लागलं असतं."

कात्री थांबली. "मला? मी कुठे येणार होते?"

"म्हणजे?"

"मी येणार नव्हते. पालकांना मी गणपतीच्या आधीच सांगून टाकलं होतं, बालवाडी चालू राहणार."

"आणि मी?"

"तुम्ही गेला असतात. दर शनिवारी आला असतात. जेवायला समोरच्या बेननी तिकडे कोणी ओळखीचं शोधूनही ठेवलं होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि सांगितलं असतं तर इतका अभ्यास केला असतात?"

मी रागवायचं ठरवलं होतं. पण मनातल्या मनात आकडे आपोआप सुरू झाले. एका बाजूने बसचे नऊ तास, जाऊन येऊन अठरा. महिन्याच्या चार खेपा, बहात्तर तास. वर्षाचे आठशे चौसष्ट. भागिले चोवीस.

"छत्तीस दिवस," मी म्हटलं. "दर वर्षी छत्तीस दिवस मी नुसता बसमध्ये बसून राहणार होतो, आणि तुला ते चालणार होतं?"

तिने नवा कागद दुमडला, माशाचं शेपूट कापलं आणि थोडा विचार करून म्हणाली, "छत्तीसच? मला वाटलं होतं, जास्त होतील."